दिवसा निजणाऱ्या माणसाचं घर

आमच्या घरात सकाळी साडेसातला रात्र व्हायची. कोपऱ्यावर कारखान्याची बस थांबल्याचा आवाज आला की मी आतल्या खोलीच्या खिडकीवर गोधडी टाकायचे, वरच्या झरोक्यात पुठ्ठा बसवायचे आणि दाराखालच्या फटीत जुनं लुगडं सारायचे. आमचे हे कामावरून येऊन, हातपाय धुऊन, अर्धी भाकरी खाऊन आत जाईपर्यंत खोलीत असा अंधार झालेला असायचा की समोर धरलेला हात दिसू नये. बाहेर दूधवाला, शाळेच्या रिक्षा, कोथिंबीरवाल्याची आरोळी. आत अमावस्या. मी कितीतरी वर्षं त्या दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर बसून मेथी निवडली आहे. एखाद्या दुपारी मला खरोखरच उमगायचं नाही की आता वाजले किती आणि आपण जेवलोय की जेवायचंय.

आमचे हे वाळूजला एका कारखान्यात फिटर आहेत. दिवसभर तिथल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेस माल काढतात, संध्याकाळी थांबतात, आणि थांबल्या की त्यांच्या पोटात हात घालून दुरुस्ती करायची ती ह्यांनी. संध्याकाळी सात ते सकाळी सात. अकरा वर्षं झाली. ही पाळी लागली तेव्हा आमची मुलगी पहिलीत होती, आता बारावीला आहे.

दिवसा निजणाऱ्या माणसाच्या घराला नियम असतात, आणि आमच्या घरचे नियम माझे होते. कुकर लावायचा तो सकाळी सहाला, बस यायच्या आधी. मिक्सर शेजारणीकडे जाऊन फिरवायचा. दाराच्या घंटीची वायर मी स्वतः काढून टाकली होती. स्टीलचं झाकण ठेवायचं तर खाली फडकं. बांगड्या मी कोपराकडे सारून वर रुमाल बांधायचे. मुलगी तर तळव्यांच्या कडांवर चालायला शिकली आणि कुजबुजीतच लहानाची मोठी झाली. सातवीत असताना तिच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, पोरगी हुशार आहे, पण तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही. मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. मला अभिमान वाटला. म्हटलं, बापाच्या झोपेसाठी एवढंसं लेकरू किती समजून घेतं.

आणि एवढं सगळं करून ह्यांची झोप गेली. कधी गेली ते सांगता येत नाही, दोनेक वर्षांपूर्वी ती पातळ व्हायला लागली. आत जायचे, पाठ करून पडायचे, दुपारी दोनला उठायचे ते लाल डोळ्यांनी. विचारलं की म्हणायचे, "झोपलो की. मस्त झोपलो." मग एका सकाळी ह्यांचा मित्र बसमधून ह्यांच्यासोबत घरापर्यंत आला आणि रात्री काय झालं ते सांगून गेला. दुरुस्ती झाल्यावर प्रेस चालवून बघायची असते. त्या वेळी उभ्या उभ्या ह्यांचा डोळा लागला होता आणि हात पुढे गेला होता. मित्रानं कॉलर धरून मागे ओढलं म्हणून बरं. साहेबांनी सांगितलं, पुन्हा असं झालं तर प्रेसला हात लावू देणार नाही. मला साहेबांचं काही वाटलं नाही. मला त्या हाताचं वाटलं. त्यानंतर हे जेवायला बसले की मी ताटाकडे बघायचेच नाही, ह्यांच्या बोटांकडे बघायचे. पाचही जागेवर आहेत ना, एवढंच. कारखान्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण त्यांनी झोप यायची ती नेमकी पाळीवर, म्हणून ह्यांनी त्या बंद केल्या.

मॅडम आल्या त्या मागच्या मार्गशीर्षात. कारखान्यात चीनहून नवी प्रेस आली आणि ती बसवून द्यायला चार माणसं. तिघे पुरुष हॉटेलात राहिले. चौथी ही बाई, पन्नाशीची, ठेंगणी, विजेच्या कामातली जाणकार. हॉटेलचं झणझणीत खाऊन तिचं पोट बिघडलं, आणि साहेबांनी ह्यांना विचारलं, तुमची वरची खोली रिकामी आहे ना? अशा त्या आमच्या घरी राहायला आल्या. मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्या मला ताई. तेवढा एकच मराठी शब्द त्या स्वतःच्या तोंडानं बोलायच्या. बाकी सगळं त्या आपल्या भाषेत फोनला सांगायच्या आणि फोनमधली बाई आम्हाला ते मराठीत ऐकवायची. ती फोनमधली बाई इतकं शुद्ध बोलायची की उत्तर देताना माझीच जीभ जड व्हायची.

आल्या दिवशी त्यांनी समोरच्या खोलीतल्या आमच्या बुद्धमूर्तीला हात जोडले, मग वळून माझ्या पायांकडे बघितलं आणि एकदम रागावल्या. थंडीचे दिवस, फरशी गार, आणि मी अनवाणी. फोनमधली बाई म्हणाली, "पायांतून थंडी वर चढते. हिवाळ्यात माणसाने मुळाप्रमाणे खाली, उबेत राहावे." मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडं घरात चप्पल घालत नाय कुणी. त्यांनी वर जाऊन लोकरीच्या मोज्यांचा जोड आणला आणि माझ्या हातात कोंबला. घरात पाऊल टाकून पाच मिनिटं झाली नव्हती, आणि बाई मला दटावत होती. मला ती तिथंच आवडली.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी घमेलं मागितलं. मला वाटलं वर काही सिमेंटचं काम काढलं की काय. त्यांनी ते घासून घेतलं, त्यात सोसवेल एवढं गरम पाणी ओतलं, आल्याचे चार तुकडे ठेचून टाकले, आणि खुर्ची ओढून नडगीपर्यंत पाय बुडवून बसल्या. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर वाफ. मग मला बसवलं. पाणी पायांना लागलं आणि पाठीत कुठंतरी बांधून ठेवलेलं काही सैल झालं. गच्चीवर कोवळं ऊन होतं, लांबच्या डोंगरांवर धुकं, खाली कुणाच्या तरी चुलीवर हुरडा भाजल्याचा वास. आम्ही दोघी एकमेकींची भाषा न येणाऱ्या बायका तासभर तशाच बसलो. मला वाटतं मी त्या तासात माझं नावसुद्धा विसरले होते.

दुसऱ्या दिवशी ते घमेलं आतल्या खोलीत गेलं. हे कामावरून आले की त्या अंधारात खाटेच्या कडेला बसायचे, पाय पाण्यात. मी खाली बसून मॅडमनी दाखवलं तसं त्यांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या रेषेत असलेल्या खळगीवर अंगठा ठेवून हळूहळू फिरवायचे. आल्याचा वास, कोळशासारख्या काळोखात आमचे दोघांचे श्वास. हे पहिल्या दिवशी कुरकुरले, "मी काय नवरदेव हाय का, पाय धुवायला?" आणि मग बोलता बोलता त्यांची मान कलली. मी त्यांना आडवं केलं, पाय पुसले, आणि बाहेर येऊन मोरीत तोंडावर पदर धरून रडले. त्या दिवशी ते चार तास झोपले. नंतरही रोज तसेच झोपतात, असं मला वाटलं.

तो सगळा पौष मला आता स्वप्नात पाहिल्यासारखा आठवतो. मॅडम काळे तीळ मागायच्या, अक्रोड मागायच्या, गाजरं शिजवून खायच्या. मी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी त्यांच्या ताटात वाढली तेव्हा त्यांनी ती उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि फोनमध्ये काहीतरी भराभर सांगितलं. फोनमधली बाई म्हणाली, "आमच्या आजीनेही थंडीत हेच सांगितले असते." त्या सकाळी बोटांचा फणा करून केस विंचरायच्या, पोटावर तळहात ठेवून गोल गोल फिरवायच्या, कंबरेला शाल गुंडाळूनच जिना उतरायच्या. गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, तुमच्या पाव्हणीची कंबर दुखती का? मी म्हणायचे, दुखू नये म्हणून चाललंय सगळं. हळूहळू मीही शाल गुंडाळायला लागले. ह्यांचा चेहरा भरला. बोटांकडे बघायचं मी विसरून जायला लागले.

माघ संपता संपता प्रेस बसली आणि मॅडम निघाल्या. जाताना त्यांनी मला चौकटीच्या वहीचा एक कागद दिला. त्यावर चोवीस ओळी. वर्षाचे चोवीस पंधरवडे, प्रत्येकापुढे काय खावं, काय टाळावं, कधी निजावं, कधी उठावं. मुलीनं फोनवर त्याचा अर्थ लावून घेतला, आणि मी तो स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवला. गॅस कधी लागला, दूध किती दिवस बंद होतं, त्याच्या शेजारी आता लिहिलेलं होतं: वसंताचा आरंभ, मोठा उकाडा, पांढरं दव. मला ते शब्द फार आवडायचे. पोळ्या लाटताना मी ते मनात म्हणायचे.

इथं मी जी चूक केली ती सांगायला मला अजून लाज वाटते. मी त्या कागदाचं ऐकलं. अक्षरशः, तारखेवार. ज्या बाईनं माझ्या नवऱ्याला पौषात झोप दिली, तिच्या कागदात काना-मात्रेचाही फरक करायचा नाही, असं मी मनाशी घेतलं होतं. फाल्गुन गेला, चैत्र तापला, आमच्याकडे चैत्र म्हणजे काय ते सांगायला नको, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. पण कागद म्हणत होता, अजून वसंत आहे, थंड काही पोटात जाऊ देऊ नका. म्हणून मी ह्यांना ताक दिलं नाही. पन्हं दिलं नाही. काकडी शेजारणीला देऊन टाकली. रात्रभर पत्र्याच्या शेडखाली घामेजून आलेल्या माणसाला मी सकाळी आल्याचं कोमट पाणी द्यायचे. अंगभर घामोळं आलं. गोधडीनं झाकलेल्या खोलीत पंखा गरम हवा फिरवायचा, आणि हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. कागदावर उन्हाळा मेमध्ये सुरू झाला तोवर आमचा निम्मा उन्हाळा होऊन गेला होता.

आषाढात मोठा उकाडा आला. म्हणजे कागदावर. बाहेर चार दिवस सूर्य दिसला नव्हता. कागद म्हणत होता, कारलं आणि कलिंगड. कारलं मिळालं. कलिंगडासाठी मी छत्री घेऊन आधी गुलमंडीकडे गेले, तिथून शहागंजला. एका फळवाल्यानं मला नीट निरखून बघितलं. "क्या भाभी, अब तरबूज कायका? बारिश हो री." मी म्हटलं, औषधाला पाहिजे होतं. त्यानं मान हलवली आणि मला डाळिंबं दाखवायला लागला. चिखलातून घरी येताना एवढं तरी माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. नाही शिरलं.

श्रावणात कागदावर शरद उगवला. कोरडी हवा, वारा आत येऊ देऊ नका, छाती जपा, नाशपाती उकडून द्या. मी खिडक्या लावल्या त्या लावल्याच. बाहेर झिमझिम, आत ओल. आतल्या खोलीच्या भिंतीवर बुरशी चढली, गोधडीला कुबट वास यायला लागला, आणि ह्यांच्या छातीत कफ भरला. मी नाशपाती उकडतच होते. एका सकाळी हे खोकत खोकत म्हणाले, "अगं, तुझ्या कागदावर कोरडं लिवलंय ते खरं, पण माझी चड्डी तीन दिस झाले वाळंना." मुलगी तोंडावर हात धरून हसली, आवाज न करता. मी चिडले. म्हणाले, "तुम्हाला कशातच विश्वास नाय. झोप लागली होती का नाय तेव्हा?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होते, आणि म्हणाले, "व्हय. लागली होती." मग आत गेले. मला आता त्यांचा तो चेहरा आठवतो. तेव्हा मी तो वाचला नाही.

खोकला आला की माणूस वाकतो, हात कुठेही जातो. मी पुन्हा त्यांची बोटं मोजायला लागले.

आश्विनात, उन्हाचा चटका परत आला होता तेव्हा, मॅडम नव्या प्रेसच्या तपासणीसाठी पंधरा दिवस पुन्हा आल्या. आल्या आल्या त्यांनी ह्यांचा खोकला ऐकला, भिंतीवरची बुरशी बघितली, मग कॅलेंडरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मुलीनं त्यांना माझं अक्षर वाचून दाखवलं. आधी त्या हसल्या, मग हसू गेलं. त्यांनी माझा हात धरला आणि फोनला बराच वेळ काही सांगितलं. फोनमधली बाई म्हणाली, "हा कागद माझ्या आईच्या गावाचा आहे. तेथे नदी गोठते. तो मी तुम्हाला आठवण म्हणून दिला होता. मी तसे सांगायला हवे होते. माझी चूक झाली." सात महिने मी माझ्या नवऱ्याला एका परक्या नदीच्या हवामानात ठेवलं होतं. खिडकी उघडी टाकली. आश्विनातलं कोरडं ऊन आत आलं, गोधड्या गच्चीवर पडल्या, आणि आठवड्यात खोकला गेला. ह्यांच्या निजायच्या वेळी मात्र गोधडी पुन्हा खिडकीवर जायची.

त्या दिवसांत आम्ही पायरीवर बसून नवा कागद केला. मॅडम विचारायच्या, मी सांगायचे, मुलगी लिहायची. तारखा नाहीत. इथं ओल कधी येते? बरणीतलं मीठ पाझरायला लागतं तेव्हा. कोरडं कधी होतं? ओठ फाटतात आणि कडुलिंब पानं टाकतो, फाल्गुनात. खाली, उबेत कधी राहायचं? ज्वारीच्या कणसात दूध भरतं तेव्हापासून. थंड कधी द्यायचं? माठातलं पाणी गोड लागायला लागलं की. माझं माहेर फर्दापूरकडचं, तिथून भावानं सीताफळं पाठवली होती. आम्ही तिघी ती खात, बिया वाटीत टाकत, वर्ष नव्यानं लावत होतो. गल्लीतून वारा यायचा, सीताफळाची साय बोटांना चिकटायची, आणि मला वाटायचं की मी इथं पंचवीस वर्षं राहून हे सगळं पहिल्यांदाच बघतेय.

पण झोप आली नाही. खोकला गेला, घामोळं गेलं, ताक सुरू झालं, पाय पाण्यात, अंगठा मनगटावर, सगळं झालं. दुपारी दोनला हे उठायचे ते तसेच लाल डोळ्यांनी. मॅडमनी एकदा तीन बोटं ठेवून ह्यांची नाडी बघितली, जीभ बघितली. फोनमधली बाई म्हणाली, "आजार सापडत नाही. परंतु हे शरीर पहाऱ्यावर उभे आहे." कशाच्या पहाऱ्यावर, ते त्यांनाही सांगता येईना.

ते कळलं त्यांच्या जायच्या दोन दिवस आधी. एक सुटा भाग यायचा होता म्हणून मॅडम त्या दिवशी घरीच होत्या. दुपारचे बारा वाजले होते, आम्ही तिघी जेवलो. हे आत. मॅडमना दुपारी वीस मिनिटं निजायची सवय. कारखान्यातसुद्धा प्रेसच्या धडधडाटात टेबलावर हात दुमडून त्यावर डोकं ठेवतात आणि झोपतात, हे मला ह्यांनीच सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरच डोकं टेकलं. मी लगेच मुलीला खूण केली. भांडी हळूच उचलली, नळाची धार बारीक केली, रुमाल मनगटावर होताच. पाण्याचा थेंबसुद्धा वाजू नये अशी आम्हा मायलेकींची तालीम आहे.

मॅडमनी डोकं वर केलं. त्यांचा चेहरा घाबरलेला होता. त्यांनी फोन ओढला. आवाज कमी करून फोनमधली बाई म्हणाली, "काय झाले? कोणी वारले का?"

मी म्हटलं, नाय नाय, तुम्ही निजा. तुमच्यासाठीच गप बसलोय.

त्यांनी माझ्याकडे, मग मुलीकडे, मग आतल्या बंद दाराकडे बघितलं. मग पुन्हा फोन. "अशी शांतता मला निजू देत नाही. तुम्ही जपून चालता, ते मला ऐकू येते. मग मीही जपून श्वास घेते. कृपया आपले काम करा." आणि त्यांनी उठून कोपऱ्यातला खलबत्ता उचलून माझ्या पुढ्यात ठेवला. शेंगदाणे ठेवले. मी हात जोडून आतलं दार दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि डोकं टेकलं. मी काय करणार? पाहुणी आहे. मी दोन ठोके घातले. मग चार. पाचव्या मिनिटाला मॅडमचा श्वास जड झाला, त्यांचं तोंड किंचित उघडं पडलं. मी बत्ता हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मग आतल्या बंद दाराकडे.

मी आत गेले. अंधारात खाटेच्या कडेला बसले. हे भिंतीकडे तोंड करून होते, श्वास अगदी सावकाश, एकसारखा. दोन वर्षं मी त्या श्वासाला झोप समजत होते.

"जागे आहात ना?" मी विचारलं.

श्वास थांबला. मग म्हणाले, "कुटायचं का थांबवलंस?"

"तुम्ही रोजच जागे असता?"

"रोज नाय. कधी लागतो डोळा." मग ते उताणे झाले. अंधारात मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आवाजच येत होता. "मला तुमचं सगळं ऐकू येतं. तू झाकण फडक्यावर ठेवतीस ते. पोरगी भिंतीला धरून जाती ते. तुमी दोघी कुजबुजता. हसायचं असलं तर मागच्या दारी जाता. मी इथं पडून ऐकत राहतो. वाटतं, माझ्यापायी घर मेल्यावानी झालंय. आन तुमी एवढं करता, मग मी जागा हाय हे कसं सांगू? म्हणून असा श्वास घ्यायचो. तुला वाटावं, झोपले."

"थंडीत? पाय धुतले तेव्हा?"

"तवा पयल्या दिवशी खरंच लागली. नंतर तू इतकी खूश झालीस की..."

मला राग आला. खरंच सांगते, आधी राग आला. मग तो कुणावर करायचा तेच कळेना. ह्यांच्यावर करावा, तर हा माणूस दोन वर्षं माझ्या समाधानासाठी झोपेचं सोंग घेऊन पडलेला. स्वतःवर करावा, तर मी अकरा वर्षं बांगड्या बांधून फिरलेली. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि त्याची बोटं एकेक करून दाबली. दोघंही रडलो. अंधार होता म्हणून बरं झालं.

मग हे म्हणाले, "ती गोधडी काढ. लई दिस झाले."

मी गोधडी काढली. दुपारचं ऊन खाटेवर, त्यांच्या पायांवर पडलं. मुलगी दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या हातात इतिहासाचं पुस्तक होतं, दिवाळीनंतर परीक्षा होती. मी म्हटलं, बाहेर बसून वाच, मोठ्यानं. ती बसली. वाचायला लागली, आणि तिचा तो दुसऱ्या बाकापर्यंत न पोचणारा आवाज. आतून ह्यांची हाक आली, "मोठ्यानं वाच की. इकडं ऐकू येईना." तिनं आवाज चढवला. तो फाटला. तिनं घसा खाकरला, पुन्हा सुरू केलं. मी कुकर लावला. भर दुपारी, एक वाजता. पहिली शिट्टी झाली तेव्हा मी दचकून ओट्याला धरलं. मॅडम उठल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि चहाचं पाणी ठेवायला लागल्या. मुलगी कुठल्याशा तहाच्या अटी वाचत होती, एक, दोन, तीन. चौथ्या अटीला आतून काही हाक आली नाही. ती थांबून माझ्याकडे बघायला लागली. मी हातानं खुणावलं, थांबू नको. ती वाचत राहिली.

ह्यांच्या घोरण्याचा आवाज मला माहीतच नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत असेल ऐकलेला, पण विसरले होते. तो आतून येत होता. मी भांडी घासली, खणखण वाजवत घासली. बांगड्यांवरचा रुमाल सोडून दोरीवर टाकला. शेजारीण दारात येऊन विचारून गेली, आज तुमच्याकडं पाव्हणे हायेत का? तीन वाजले, चार वाजले. ऊन खाटेवरून सरकून भिंतीवर गेलं. पाच वाजता मी डबा भरला. साडेपाचला दारापाशी जाऊन उभी राहिले. ह्यांचा उजवा हात खाटेबाहेर लोंबत होता, सैल, बोटं उघडी. मी तशीच परत आले.

सहाला कोपऱ्यावर बस आली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. ह्यांनी अकरा वर्षांत एकदाही बस चुकवलेली नाही, ताप असताना गेलेले आहेत. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी चप्पल न घालताच रस्त्यावर गेले.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "वहिनी, लवकर धाडा की. उशीर व्हायलाय."

"आज नाय येत ते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, एवढा मोठा होता. समोरच्या दोन घरांची दारं उघडली.

"काय झालं? बरं नाय का त्यांना?"

"लई बरं हाय," मी म्हटलं. "झोपलेत!"